एलएम३१७चा ॲडजस्टेबल करंट रेग्युलेटर, आठ महिन्यांनी

काकांचा दिंडोरीला द्राक्षाचा बाग आहे, त्यांच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता) बॅटरी चार्ज करायला म्हणून हा ठरलेला करंट देणारा डबा एलएम३१७ या तीन पिनांच्या रेग्युलेटर चिपवर घरीच बनवला, बॅटरी नसली की मी त्यावर एलईडी तपासतो. सर्किटमधे काही विशेष नाही, चिपच्या आउट आणि ॲडजस्ट पिनमधे एक रेझिस्टर, आणि करंट ॲडजस्ट पिनकडून घ्यायचा. चिप त्या दोन पिनमधे १.२५ व्होल्ट धरून ठेवते, म्हणून १.२५ भागिले रेझिस्टर म्हणजे तुमचा करंट. १.५ ओहमला ०.८३ अँपिअर. या बॅटरीला क्षमतेच्या एक दशांश म्हणजे ०.८ अँपिअर पाहिजे, बरोबर बसलं.

घोळ झाला तो ‘ॲडजस्टेबल’चा. मी हौसेने एमजी रोडवरून आणलेला साधा कार्बनचा १०० ओहमचा पॉट (नॉब फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) त्या रेझिस्टरला सिरीजमधे लावला. बघा ना, अख्खा करंट त्या पॉटमधूनच जाणार, आणि जास्त करंट पाहिजे तेव्हा नॉब अगदी टोकाला, म्हणजे ट्रॅकचा नखाएवढा तुकडा सगळं सोसतोय. तिसऱ्या दिवशी करपल्याचा वास, उघडलं तर टोकाशी काळा डाग. तेव्हापासून रोटरी स्विच आहे, १२, ४.७, २.४ आणि १.५ ओहम असे चार गिअर, सगळे पांढरे सिमेंटवाले ५ वॅटचे. १०४ मिलीअँपपासून ८३० पर्यंत. मधला करंट मिळत नाही, पण खरं सांगू, लागलाही नाही कधी.

दुसरी चूक फिटिंगची, चिपचा पत्रा आतून आउट पिनलाच जोडलेला असतो हे विसरून ती सरळ लोखंडी डब्यावर आवळली आणि डबा निगेटिव्हला. फ्यूज गेला. चिप डब्यापासून वेगळी ठेवायला अभ्रकाचा तुकडा आणि प्लास्टिकचा वॉशर, दहा रुपयांचं काम होतं.

आता खरी तक्रार. हा चार्जर नाही, व्होल्टेज कुठे थांबवायचं हे त्याला कळत नाही. मागे लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर आहे, म्हणून बॅटरी १४.४ व्होल्टच्या, म्हणजे थांबायच्या हद्दीच्या, वर गेली तरी हा करंट ढकलतच राहतो. डिसेंबरमधे एकदा रात्रभर विसरलो, सकाळी काका बॅटरीकडे बघून म्हणाले, “हिला काय दिवस गेलेत का रे?” दोन्ही बाजू फुगलेल्या. नवीन बॅटरी अर्थातच माझ्या खिशातून. आता मोबाईलवर अलार्म आणि शेवटचा तासभर मीटर लावून बसायचं. लाइट गेल्यावर बॅटरी उलटी सर्किटमधे रिकामी होऊ नये म्हणून करंट एकाच दिशेने जाऊ देणारा १एन५४०८ डायोड टाकलाय, शेतावर त्याशिवाय जमतच नाही.

बॅटरीवर चिप फार तापत नाही, साडेतीन वॅटच्या आसपास. पण ५२० मिलीअँपच्या (२.४ ओहमच्या) गिअरवर एकच एलईडी लावला की उरलेले १३-१४ व्होल्ट चिपवरच, सात वॅट! मे महिन्यात छोट्या हीटसिंकवर ती स्वतःच बंद-चालू व्हायला लागली आणि एलईडी लुकलुकायला लागला, मी उगाच एलईडीला शिव्या घातल्या. आता तीन एलईडी सिरीजमधे लावतो, नाहीतर ९ व्होल्टचा ॲडॅप्टर.