फोटोवरून तैलचित्र करून घेतलं, कोल्हापूरच्या चित्रकारांचा अनुभव (फोटो कसा निवडायचा तेही लिहिलंय)

आजीच्या पंचाहत्तरीला तिचं आणि आजोबांचं पोर्ट्रेट करून घ्यायचं ठरलं होतं, कोल्हापुरातल्या एका चित्रकारांना काम दिलं, १८ बाय २४ इंच, कॅनव्हासवर ऑइल, दोन्ही वेगवेगळी. चित्रं अप्रतिम झालीत. पण मला या सर्व्हिसमधलं सगळ्यात जास्त काय आवडलं तर सरांनी आमचे फोटो सरळ परत पाठवले! ॲडव्हान्स घ्यायच्या आधी. ऑनलाइन बऱ्याच जणांना विचारलं होतं, सगळे म्हणे कुठलाही फोटो पाठवा, चालेल. हे एकटेच म्हणाले, "चालणार नाही, यात चेहराच नाही."

म्हणजे काय ते मग त्यांनी फोटो झूम करून दाखवलं. दादाच्या लग्नातला फोटो घरात सगळ्यांचा लाडका, आजी काय सुंदर हसलीय त्यात, पण व्हिडिओवाल्याचा लाइट आणि फ्लॅश दोन्ही समोरून, त्यामुळे कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक आणि गालाला उठावच नाही, नाकाची सावली कुठल्या बाजूला पडलीय तेच कळत नाही. सर म्हणाले सावली नसेल तर मी नाक रंगवायचं कशावरून, अंदाजाने रंगवलं तर ते कुणाचंही नाक होईल. गच्चीवरचा संध्याकाळचा फोटो होता त्यात मागे आकाश झकास आणि चेहरा काळा, ब्राइटनेस वाढवला तर नुसते दाणे दिसायला लागले. आणि बहिणीच्या फोनमधल्या सेल्फीत ब्यूटी मोड चालू, आजीच्या सुरकुत्या गायब. त्या सुरकुत्यांशिवाय ती आमची आजी दिसतच नाही हो!

मग त्यांनी फोनवर सांगितलं तसा नवीन फोटो काढला. सकाळी, पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी, पण थेट ऊन अंगावर येणार नाही असं, ऊन आलं की डोळे बारीक होतात आणि भुवयांखाली काळोख होतो. खुर्ची अशी वळवली की उजेड एका बाजूने आणि थोडा वरून येईल. ट्यूबलाइट बंद करायला लावली, कारण खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि ट्यूबचा दुसऱ्या, दोन गाल दोन रंगांचे दिसतात आणि खरा वर्ण कुठला ते चित्रकाराला समजत नाही. अंधाराकडचा गाल फारच काळा पडत होता तर त्या बाजूला आईने पांढरी चादर धरली, लगेच गालाची कड दिसायला लागली, हे बघून मी खरंच थक्क झाले. फोन आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाच-सहा फूट लांब उभं राहून दोनचा झूम. जवळ जाऊन काढलं की नाक मोठं येतं आणि कान मागे जातात. डोळ्याच्या बुबुळात खिडकीची एकच चमक दिसली पाहिजे, ती दिसली की फोटो पास. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, साधा पाठवला की साइज कमी होते आणि नेमकी पापण्यांची बारीक कामं जातात.

मी त्यांना विचारलं की हळदणकरांच्या त्या प्रसिद्ध चित्रात तर उजेड खालून येतो, ते कसं. (म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, हातात दिवा घेतलेली बाई, ग्लो ऑफ होप म्हणतात, पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात पण ते आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, आणि तेही जलरंगात.) तर सर इतके खुश झाले, म्हणाले तिथेसुद्धा उजेड एकच आहे बघा, ज्योत. तळहात आडवा धरलाय म्हणून बोटं लालसर दिसतात. उजेड कुठून आला ते चित्रात सांगता आलं पाहिजे, मग तो खालून का असेना.

आजोबांचा प्रश्न वेगळा होता, ते नाहीत, त्यामुळे आहे त्यातूनच निवडायचं. आम्हाला वाटलं होतं नंतरचा रंगीत फोटो बरा पडेल, सरांनी उचलला जुना स्टुडिओतला ब्लॅक अँड व्हाइट. त्या काळचे स्टुडिओवाले लाइट नीट लावायचे, एका गालावर उजेड, दुसऱ्यावर हलकी सावली, सगळं स्पष्ट. फक्त फ्रेमच्या काचेवरून मोबाइलने फोटो काढू नका म्हणाले, फोटो बाहेर काढून ६०० डीपीआयला (म्हणजे बारीकसारीक सगळं येईल असा) स्कॅन करून घेतला. वर्णासाठी रंगीत फोटो शेजारी ठेवला आणि आत्याला दोनदा फोन करून विचारलं. आत्या चित्र बघून काही बोललीच नाही, नुसती उभी राहिली.

तक्रारी म्हणाल तर वेळ. सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला, पंचाहत्तरीला आजोबांचंच चित्र तयार होतं, आजीचं नंतर आलं. बॅकग्राउंड दोन्हींना तपकिरी, मला आजीच्या मागे जरा हिरवट आवडलं असतं, हे आधीच बोलून घ्या. फ्रेमचे पैसे वेगळे. व्हार्निश (चित्रावरचा शेवटचा पारदर्शक थर) लगेच करत नाहीत, ऑइल आतपर्यंत वाळायला सहा महिने तरी जातात, तेव्हा चित्र परत न्यावं लागेल, पुण्या-मुंबईच्या लोकांनी हे धरूनच चालावं. तोपर्यंत ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची.