माझदा सीएक्स-५ : चौदा महिने, एकवीस हजार किलोमीटर आणि बाबांचा "टेंपो"

गाडी घेतली त्या दिवशी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि बाबांना जरा ऐटीतच सांगितलं की माझदा घेतली, तर ते दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "अगं, टेंपो घेतलास की काय?"

त्यांचं काही चूक नाही. बाबा भोसरीला नोकरीला होते आणि त्यांची कंपनीची बस म्हणजे स्वराज माझदा. पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांनी मिळून १९८३ साली काढलेली कंपनी, गाड्या पंजाबात बनायच्या आणि आपल्याकडे शाळेची पोरं, कंपनीचे कामगार, लग्नाचं वऱ्हाड सगळं त्यातून जायचं. माझदाच्या कार मात्र भारतात अधिकृतपणे कधी विकायला आल्याच नाहीत, त्यामुळे आपल्या पिढीच्या डोक्यात माझदा म्हणजे डिझेलचा वास आणि ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या गरम झाकणावर बसलेला एक माणूस, बास.

इथे मेलबर्नला मात्र उलटं आहे, दर चौथ्या घरासमोर एक माझदा उभी असते. २०११ आणि २०१२ ला ऑस्ट्रेलियात सगळ्यात जास्त विकलेली कार माझदा ३ होती, म्हणजे होल्डन कमोडोरसारख्या इथल्या लाडक्या गाडीला मागे टाकून. आमचं खरं तर दुसऱ्या एका कंपनीची हायब्रिड घ्यायचं ठरत होतं पण वेटिंग ऐकून नवऱ्याचा उत्साह संपला आणि आम्ही २०२१ मॉडेलची सीएक्स-५, म्हणजे माझदाची पाच सीटची एसयूव्ही, सेकंडहँड घेतली, अडतीस हजार किलोमीटर झालेली, २.५ लिटर पेट्रोल, ऑल व्हील ड्राइव्ह, लाल रंग. आता चौदा महिने झाले, अजून एकवीस हजार झाले, म्हणून लिहितेय. एक दोन महिन्यात लिहिलेले रिव्ह्यू म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत जावयाबद्दल मत विचारण्यासारखं असतं.

आधी ॲव्हरेज, कारण आपल्याकडे कोणीही पहिला प्रश्न तोच विचारणार. शहरात, शाळा-ऑफिस-वाणसामान करून १०० किलोमीटरला ८.६ लिटरच्या आसपास, म्हणजे आपल्या भाषेत साडेअकरा. हायवेला ६.८, म्हणजे पावणेपंधराच्या जवळ. हायब्रिडवाले हसतील, हसू देत. साधं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल चालतं, महागडं भरावं लागत नाही. हायवेला एका लयीत चालली असेल तर चारातले दोन सिलिंडर ती स्वतःच बंद करते, मला चौदा महिन्यात एकदाही कळलेलं नाही कधी बंद झाले आणि कधी चालू.

चालवायला कशी आहे हे सांगणं अवघड आहे कारण आकडे काही विशेष नाहीत, १४० किलोवॅट, टर्बो नाही, गिअरबॉक्स सहाच स्पीडचा, तोही जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, जेव्हा बाकीचे बरेचसे सीव्हीटीवर, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकवर गेलेले. पण ग्रेट ओशन रोडला लॉर्नच्या पुढची वळणं घेताना मला पहिल्यांदा वाटलं की ही उंच गाडी नाहीच, मी एखादी बुटकी कार चालवतेय. ॲक्सिलरेटरचा पेडल वरून लटकत नाही, खाली फ्लोअरला बिजागरीवर बसवलाय, पेटीच्या भात्यासारखा, टाच टेकवून नुसता चवडा हलवायचा. तीन तास चालवून पोटरी दुखत नाही हे मला आधीच्या गाडीनंतर फार जाणवलं.

आणि ते गोल बटण! स्क्रीन १०.२५ इंची आहे पण टच नाही. गिअरच्या मागे एक गोल चकती आहे ती फिरवायची आणि दाबायची. पहिले दोन आठवडे मी स्क्रीनवर बोटं मारत होते आणि माझी मुलगी मागून हसत होती. मग हाताला सवय लागली, चकती फिरवली की बोटाला हलकी टिचकी लागते, दोन टिचक्या उजवीकडे आणि दाबलं की मॅप, बघावंच लागत नाही. माझदाने २०१९ च्या माझदा ३ पासून ठरवूनच टचस्क्रीन काढून टाकला होता, कारण त्यांच्या अभ्यासात दिसलं की लोक स्क्रीनकडे हात नेताना नकळत स्टिअरिंग त्याच बाजूला ओढतात. सगळं जग टॅबलेट चिकटवत होतं तेव्हा हे लोक बटण लावत होते. अशी माणसं आपल्या नात्यात एक तरी असतात ना, सगळे स्टेशनला रिक्षाने निघाले तरी "मी चालतच येतो" म्हणणारी.

तर या हट्टापायी मी या कंपनीचा इतिहास वाचायला लागले आणि त्यात अडकलेच. सुरुवात बुचांपासून, खोटं नाही सांगत. १९२० साली हिरोशिमात तोयो कॉर्क कोग्यो नावाची कंपनी निघाली, कॉर्क बनवणारी. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा यांनी ती हातात घेतली, मच्छीमाराचा मुलगा, लोहारकाम शिकून वर आलेला. १९२७ ला नावातला कॉर्क गेला, पुढे मशिनरी आली आणि १९३१ ला पहिलं वाहन निघालं ते तीनचाकी मालवाहू, माझदा-गो. म्हणजे पुढे मोटरसायकलसारखं हँडल, मागे सामानाचा हौदा. बाबांना हे सांगितल्यावर ते इतके खूश झाले, "बघ, टेंपोच होता की नाही!" हो बाबा, टेंपोच होता.

नावाची गंमत अजून वेगळी. जपानीत कंपनीचं नाव मात्सुदा असंच लिहितात आणि म्हणतात, पण रोमन अक्षरांत माझदा केलं ते पारशांच्या अहुरमझ्दवरून, ज्ञानाचा देव म्हणून. मी पुण्यात कॅम्पात वाढले, शाळेत रोज अग्यारीवरून जायचे, वर्गात पारशी मैत्रीण होती, आणि मेलबर्नला येऊन लाल गाडी घेतल्यावर कळतंय की बॉनेटवर जे नाव आहे ते तिच्या प्रार्थनेतलं. मी तिला लगेच मेसेज केला तर तिचं उत्तर, "इतकी वर्षं काय वाटत होतं तुला?" असो.

हिरोशिमा म्हटल्यावर पुढचं काय ते आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. ६ ऑगस्ट १९४५. जुजिरो मात्सुदा यांचा तो सत्तरावा वाढदिवस होता. कारखाना शहराच्या मध्यापासून साधारण पाच किलोमीटरवर, मध्ये हिजियामा नावाची टेकडी, त्या टेकडीने धक्का अडवला म्हणून इमारती उभ्या राहिल्या. कंपनीची माणसं गेली, मात्सुदांचा एक मुलगा गेला. शहरात सरकारी कचेरी चालवायलाच जागा उरली नव्हती म्हणून प्रांताचं सरकार कित्येक महिने या कारखान्यात बसलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बनायला लागली, चार महिन्यात! आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त व्हायला त्याहून जास्त लागले होते. तुटलेलं शहर बांधायला माल वाहायचा तर गाड्या लागणारच होत्या, त्यामुळे हिरोशिमाच्या लोकांना या कंपनीबद्दल जे वाटतं ते नुसतं ब्रँडप्रेम नाही.

पण खरा वेडेपणा रोटरी इंजिन. साठच्या दशकात जपान सरकारच्या डोक्यात होतं की कार कंपन्या फार झाल्या, छोट्यांना मोठ्यांत मिसळून टाकू. छोट्यात माझदा होती. वाचायचं तर दुसऱ्या कोणाकडे नाही असं काहीतरी हवं, म्हणून १९६१ ला जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार करून वांकेल इंजिनाचं लायसन्स घेतलं. यात पिस्टन वरखाली होत नाही, एक फुगीर त्रिकोण एका लांबट खोक्यात गरगर फिरतो. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात त्रिकोणाच्या टोकांवरची सील खोक्याच्या भिंतीला घासून आडवे ओरखडे पाडायची, इंजिनियर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. केनिची यामामोतो आणि त्यांचे मिळून सत्तेचाळीस जण यावर बसले, जपानच्या गोष्टीतले सत्तेचाळीस रोनिन, म्हणजे बिनमालकाचे सामुराई असतात तसे, कार्बन आणि ॲल्युमिनियमची सील काढली आणि १९६७ ला रोटरीवर चालणारी कॉस्मो स्पोर्ट ही कार बाजारात आली. ज्या एनएसयूकडून लायसन्स घेतलं ती कंपनी रोटरीच्या खर्चात बुडत गेली आणि हे टिकले.

टिकले म्हणजे कसेबसे. रोटरी पेट्रोल पिते आणि १९७३ ला तेलाचं संकट आलं, अमेरिकेतला धंदा झोपला, सुमितोमो बँकेने हात दिला, १९७९ ला फोर्डने पाव हिस्सा घेतला. मग जपानच्या फुग्याच्या काळात, म्हणजे तिथे पैसा उतू जात होता तेव्हा, यांनी एकदम पाच वेगवेगळ्या ब्रँडची दुकानं थाटली, आधीच घर लहान त्यात पाच चुली, ती सगळी अंगाशी आली आणि १९९६ ला फोर्डचा हिस्सा ३३.४ टक्क्यांवर जाऊन अध्यक्षही त्यांचा आला. पण त्याच गोंधळाच्या आगेमागे १९८९ ला एमएक्स-५ काढली, जगात सगळ्यात जास्त विकलेली दोन सीटची स्पोर्ट्सकार, आणि १९९१ ला ल मान्सची चोवीस तासांची शर्यत रोटरीच्या ७८७बी ने जिंकली, जपानी कंपनीचा तिथला पहिला विजय. जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आणली असं सगळीकडे फिरत असतं, ते व्हॉट्सॲप छाप आहे, नियम बदलायचे आधीच ठरलं होतं. गोष्ट म्हणून चांगली आहे एवढंच.

आता नाव किती खरं किती फुगवलेलं हे पण सांगते. जपानी आहे म्हणजे काही बिघडतच नाही हे माझदाबाबत कायम खरं नव्हतं. युरोपात जुन्या माझदा गंजायच्या म्हणून बदनाम होत्या. आरएक्स-८ ही रोटरीची कार सेकंडहँड घेणाऱ्याला लोक आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन तपास म्हणून सांगतात. २.२ डिझेलबद्दलही जपून राहा म्हणणारे पुष्कळ आहेत, आम्ही म्हणूनच पेट्रोल घेतली. इथे ऑस्ट्रेलियात २०२१ ला फेडरल कोर्टाने ठरवलं की माझदा ऑस्ट्रेलियाने काही ग्राहकांना त्यांच्या हक्कांबद्दल दिशाभूल करणारं सांगितलं, पुढे १ कोटी १५ लाख डॉलर दंड झाला. २०२४ ला जपानात सर्टिफिकेशन टेस्टच्या, म्हणजे गाडी विकायला सरकारी मंजुरी घेताना करायच्या चाचण्यांच्या घोळात टोयोटा, होंडाबरोबर यांचंही नाव आलं. दुसऱ्या बाजूने २०२० ला अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या यादीत भरवशाच्या बाबतीत माझदा पहिली होती, टोयोटाच्या वर. वर्षाला बारा-तेरा लाख गाड्या करणारी कंपनी, टोयोटाच्या साधारण आठवा भाग. मला वाटतं आत्ताचं चांगलं नाव हे २०१२ नंतरच्या गाड्यांनी, म्हणजे त्यांची स्कायॲक्टिव्ह नावाची नवी इंजिनं आणि पहिली सीएक्स-५ आली तिथपासून कमावलेलं आहे, त्याआधीचं नाव वेगळं होतं, वेड्यांची कंपनी असं.

माझ्या गाडीचं म्हणाल तर चौदा महिन्यात टायर, तेल, वायपर याशिवाय काही नाही. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने इंजिन फ्लश करूनच घ्या म्हणून मागे लागून पाहिलं, मी मॅन्युअल उघडून त्यात कुठे लिहिलंय ते दाखव म्हटलं, विषय संपला. जिलाँगच्या रस्त्यावर ट्रकमागून खडा उडून बॉनेटवर मटकीएवढा टवका गेला. तेव्हा कळलं की सोल रेड क्रिस्टल हा रंग म्हणजे काय प्रकरण आहे, खाली ॲल्युमिनियमचे कण असलेला चमकणारा थर, त्यावर पारदर्शक लाल, त्यावर क्लिअर. संध्याकाळी डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसतो आणि दुरुस्तीचा आकडा ऐकला की आपणच तसे लाल होतो. टवका तसाच आहे, टचअप पेनने झाकलाय. पांढरी घ्या, सुखी राहाल.

डिकी ४०० लिटरच्या थोडी वर, दहा-दहा किलोच्या आट्याच्या दोन पिशव्या, तांदूळ आणि एक बॅग बसते, चार माणसं आठवड्याच्या ट्रिपला जाणार असाल तर वर बॉक्स लावा. ज्यांना सात सीट हव्यात त्यांनी ही बघूच नये.

गणपतीत मूर्ती आणायला गेलो तेव्हा मी मूर्ती पुढच्या सीटवर ठेवली, शाडूची, दीड फुटी, चांगली जड. गाडी सुरू केली तर टिंग टिंग टिंग, सीटबेल्ट लावा. वजन लागलं ना तिला. शेवटी बाप्पांना बेल्ट लावला, सोंडेला धक्का लागू नये म्हणून मध्ये उशी, आणि चाळीसच्या स्पीडने घरी. त्याचा फोटो पाहून बाबांनी पहिल्यांदा गाडीला बरं म्हटलं.

नवीन सीएक्स-५ जाहीर झालीय २०२५ ला, त्यात मोठा टचस्क्रीन आहे आणि ते गोल बटण काढून टाकलंय. त्यांनीच सांगितलेलं सगळं त्यांनीच गुंडाळलं. मी फोटो बघितले, छान दिसते, पण मी काही बदलत नाही एवढ्यात.

मागच्या महिन्यात आई-बाबा आले होते. एअरपोर्टवरून येताना बाबा पुढे बसले, गुडघा दुखतो म्हणून त्यांना उंच सीट बरी पडली, दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग ते बटण दिसलं. फिरवून पाहिलं, टिक टिक टिक, रेडिओ बदलला, परत फिरवलं. घर येईपर्यंत त्यांनी मेलबर्नची सगळी स्टेशनं लावून संपवली आणि उतरताना दार हळूच लावून म्हणाले, "आमच्या टेंपोत हे नव्हतं हां."