डब्याचा हिशेब: विद्यापीठातील जीवनचक्र मूल्यमापन सेवेचे परीक्षण

परळ भागात आमचे पोळी-भाजी केंद्र असून लोअर परळ आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालयांना दुपारचे जेवण पुरवणे हा आमच्या व्यवसायाचा मोठा भाग आहे. जेवण स्टीलच्या डब्यांतून जाते आणि रिकामे डबे संध्याकाळपर्यंत परत येतात. एका ग्राहक कंपनीने मध्यंतरी विचारणा केली की, पर्यावरणाच्या दृष्टीने हे डबे बरे की बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून केलेले, एकदाच वापरून टाकायचे डबे बरे, याला काही लेखी आधार तुमच्याकडे आहे का. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा वार्षिक अहवाल बंधनकारक केल्यावर अशी पत्रे आमच्यासारख्या लहान पुरवठादारांपर्यंतही झिरपू लागली आहेत. म्हणून आम्ही मुंबईतील एका विद्यापीठाच्या पर्यावरण अभियांत्रिकी विभागातील संशोधकांकडून जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत वस्तूचा पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा हिशेब, करून घेतले. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव येथे दिलेले नाही.

फी खासगी सल्लागाराने सांगितलेल्या रकमेपेक्षा बरीच कमी होती. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि निम्मी रक्कम आगाऊ भरावी लागते, हे धरूनही परवडते. काम प्राध्यापकांच्या देखरेखीखाली पीएचडी आणि एम.टेक.चे विद्यार्थी करतात.

पहिल्या बैठकीतच या सेवेची गुणवत्ता दिसली. आमची अपेक्षा अशी होती की दोन्ही डबे टेबलावर ठेवले जातील, वजने घेतली जातील आणि कोणता चांगला ते सांगितले जाईल. संशोधकांनी डब्याची डब्याशी तुलना करायलाच नकार दिला. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही २००६ ची आंतरराष्ट्रीय मानके या कामाचा पाया आहेत. त्यांनुसार आधी उद्देश आणि व्याप्ती ठरते, मग प्रत्येक टप्प्यावर काय आत गेले आणि काय बाहेर पडले याची नोंद होते, त्यानंतर परिणामांचे मोजमाप होते आणि अखेरीस अर्थ लावला जातो. तुलना व्हायची ती वस्तूंची नव्हे, तर त्यांच्याकडून घडणाऱ्या कामाची. आमच्या बाबतीत ते काम असे लिहिले गेले: एका व्यक्तीचे एका वेळचे जेवण, रस्सा न सांडता, खाण्याजोगे गरम, केंद्रापासून कार्यालयापर्यंत पोहोचवणे. या एका वाक्यावर बैठकीचा बहुतेक वेळ गेला. तेव्हा तो वाया गेल्यासारखा वाटला, पण पुढचा सगळा हिशेब त्याच वाक्यावर उभा राहिला. रश्श्यासाठी बगॅसच्या डब्याला वेगळी झाकणाची वाटी आणि बाहेरून कागदी पिशवी लागते आणि तीही मोजायला हवी, हे त्या वाक्यामुळेच पुढे आले. या शास्त्राचा उगमही अशाच प्रश्नातून झाला, असे तेथे सांगण्यात आले: १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने अमेरिकेतील मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून शीतपेयाच्या निरनिराळ्या बाटल्या-डब्यांचा असाच अभ्यास करून घेतला होता.

प्रत्यक्ष मोजणीसाठी दोन संशोधक आमच्या मोरीपाशी येऊन बसले. तोळामासा दाखवणारा वजनकाटा, खुणा केलेली बादली, तापमापक आणि विजेच्या उपकरणांना लावायचा छोटा मीटर एवढेच त्यांचे साहित्य होते. भांडी घासायच्या साबणाची वडी सकाळी आणि रात्री वजन करून ठेवली गेली, पाइपच्या गॅसच्या मीटरवरचे आकडे ठरावीक वेळी उतरवले गेले, आणि डब्यांत परत आलेले उष्टे वेगळे काढून त्याचेही वजन झाले. भांडी घासणाऱ्या मावशींपैकी एकीने त्यांना पहिल्याच तासात ऐकवले, “तुम्ही असे समोर बसलात की पाणी कमीच लागणार; उद्या येऊ नका, मग मोजा.” संशोधकांनी हे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी टाकीकडून मोरीकडे येणाऱ्या नळावर पाण्याचा मीटर बसवला, स्वतः निघून गेले, आणि अहवालात बादलीचे आकडे बाजूला ठेवून मीटरचे आकडे धरले. आपल्या उपस्थितीने आकडा बिघडतो हे मान्य करणारा मोजणारा क्वचितच भेटतो, म्हणून या गोष्टीला आम्ही वरचे गुण देतो.

मोजणीतून निघालेला मुख्य निष्कर्ष आम्हाला अनपेक्षित होता. स्टीलच्या डब्याचा हवामानावरचा भार, म्हणजे त्याच्यापायी हवेत जाणारे तापमान वाढवणारे वायू, बहुतांशी स्टीलमध्ये असेल असा आमचा समज होता. प्रत्यक्षात तो गरम पाण्यात निघाला. मुंबईतले नळाचे सुमारे २७ अंशांचे एक लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १३८ किलोज्यूल ऊर्जा लागते. उघड्या शेगडीवर निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर पाइपच्या गॅसवर त्यापायी सुमारे १५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेच पाणी विजेच्या गिझरने तापवले, तर देशाच्या विजेचा बराचसा भाग अजून कोळशावरच तयार होत असल्यामुळे हा आकडा ३० ग्रॅमच्या आसपास जातो. थंड पाण्याचा भार त्यामानाने नगण्य आहे, कारण तानसा-वैतरणेचे पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उतारानेच शहरात येते. डबे आधी खरवडून थंड पाण्यात भिजवावेत आणि गरम पाणी फक्त शेवटच्या विसळणीला वापरावे, ही त्यांची शिफारस साधी आहे, पण तिच्यामागे हिशेब असल्यामुळे ती स्वयंपाकघरात पाळली जाते.

दुसरा मुद्दा न परतणाऱ्या डब्यांचा. शंभरांपैकी ९५ डबे परत येत असतील तर एक डबा सरासरी २० फेऱ्या करतो, ९८ येत असतील तर ५०, आणि ९९ येत असतील तर १००. हे साधे गणित आहे. परताव्यात चार टक्क्यांचा फरक पडला तर प्रत्येक जेवणाच्या वाट्याला येणारे स्टील पाचपट होते, हे आमच्या हिशेबवहीत कधी दिसले नव्हते. तेथे हरवलेले डबे ‘किरकोळ खर्च’ या सदरात पडून होते. मागे राहिलेला एखादा डबा आणायला स्कूटरवरून मुद्दाम माणूस पाठवला, तर त्या एका फेरीचे पेट्रोल वाचलेल्या स्टीलचा बराचसा फायदा खाऊन टाकते, हेही संशोधकांनी दाखवले. आता विसरलेले डबे दुसऱ्या दिवशीच्या खेपेबरोबरच आणले जातात.

स्टीलच्या प्रतीबद्दलचा भाग वाचनीय आहे. बाजारात जिला जे-फोर म्हणतात ती कमी निकेलची, जास्त मँगनीजची स्वस्त प्रत आणि १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेली ३०४ ही प्रत, यांच्यापैकी कमी भार कोणाचा, याचे उत्तर स्टील कोठून आले आणि त्यात भंगार किती होते यावर फिरते. निकेल इंडोनेशियात कोळशाच्या विजेवर तयार झालेले असेल तर ३०४ चा भार खूप वाढतो. भंगारातून वितळवलेल्या स्टीलचा भार त्याच्या तुलनेत बराच हलका असतो. भुलेश्वरच्या भांडीवाल्याला किंवा भाईंदरच्या कारखानदाराला हे विचारले तर उत्तर मिळत नाही. संशोधकांनी येथे एक आकडा ठोकून न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी मर्यादा दिली, ते योग्यच झाले.

बगॅसच्या बाजूचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होता. उसाच्या वजनापैकी जवळजवळ ३० टक्के ओला चोथा निघतो. साखर कारखान्याच्या दृष्टीने तो कचरा मानला तर उसाचे पाणी, खत आणि वाहतूक यांचा काहीच भार डब्याकडे येत नाही. साखर आणि चोथा यांच्यात वजनाच्या प्रमाणात या भाराची वाटणी केली तर मोठा भार येतो. किमतीच्या प्रमाणात केली तर मधला. शिवाय कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक कारखान्यांत हाच चोथा बॉयलरमध्ये जाळून वीज तयार होते, तेव्हा तो डब्यांकडे वळवला तर बॉयलरला दुसरे इंधन लागणार, तेही कोणाच्या तरी खात्यावर पडायला हवे. अहवालात या सगळ्या वाटण्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत आणि एका वाटणीत बगॅसचा डबा स्टीलच्या जवळ येतो, हेही लपवलेले नाही. मुंबईत मात्र त्याचा शेवट कोठे होतो हा कळीचा प्रश्न ठरला. विघटनशील म्हणून विकला जाणारा हा डबा कार्यालयाच्या एकत्रित कचऱ्यातून कांजूरमार्गच्या किंवा देवनारच्या क्षेपणभूमीवर जातो. ढिगाखाली हवा नसताना तो कुजला की मिथेन तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. ग्राहक कंपनीने आपल्या आवारातच कंपोस्ट केले तर चित्र बदलते; ती तयारी आहे का, हे आता आम्ही त्यांनाच विचारले आहे.

तुलनेसाठी घेतलेल्या पातळ प्लॅस्टिक डब्याचा आकडा हवामानाच्या एका निकषावर बगॅसपेक्षा बरा आला, तेव्हा आमच्या घरातच वाद झाला. प्लॅस्टिक क्षेपणभूमीवर कुजत नाही, म्हणून मिथेनही देत नाही. पण नाल्यात आणि समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकचे मोजमाप या पद्धतीत अजून नीट होत नाही. अहवालाने हे स्पष्ट लिहिले आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या पिशव्यांच्या अभ्यासाचा दाखलाही त्यात आहे: साधी सुती पिशवी प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला हवामानाच्या निकषावर ५२ वेळा, तर सर्व निकष धरल्यास ७१०० वेळा वापरावी लागते. वर्तमानपत्रांतून फक्त दुसरा आकडा फिरला. तो मुख्यत्वे ओझोन थराच्या एकाच निकषामुळे एवढा फुगला होता, हे सांगायचे राहून गेले.

आता उणिवा. भांडी धुण्याचे, कागदाचे आणि वाहतुकीचे पार्श्वभूमीचे बरेच आकडे स्वित्झर्लंडच्या इकोइन्व्हेंट या माहितीसंचातून घेतलेले आहेत. हा संच नावाजलेला आहे, पण त्यातली मालमोटार आणि आपल्या पनवेल-चेंबूर रस्त्यावरची मालमोटार यांत फरक आहे, आणि पहिल्या मसुद्यात तर भांडी युरोपीय पद्धतीच्या यंत्रात धुतली जात असल्याचे गृहीत धरले होते. ते आम्ही दाखवून दिल्यावर दुरुस्त झाले. ज्याला अहवाल बारकाईने वाचायला वेळ नाही त्याच्या बाबतीत ते तसेच राहिले असते.

सामाजिक मूल्यमापनाचा भाग तर आम्हाला निराशाजनक वाटला. पर्यावरण, खर्च आणि समाज अशा तिन्ही अंगांनी मूल्यमापन करून देतो, असे सेवेच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सामाजिक अंगासाठी २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०२० मध्ये ती सुधारली. एवढा आधार हाताशी असताना आमच्याकडे आली ती होय-नाही स्वरूपाची प्रश्नावली: बालकामगार आहेत का, किमान वेतन दिले जाते का, तक्रारपेटी आहे का. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात असलेल्या बाईच्या बोटांना पडणाऱ्या भेगा, किंवा बगॅसचे डबे आले तर ज्या चौघींचे काम जाईल त्यांचे काय, हे त्या प्रश्नावलीत कोठेच बसत नव्हते. मावशींशी मोरीवर झालेले बोलणे संशोधकांनी पाण्यासाठी टिपून घेतले, मजुरीसाठी नाही.

विलंबही झाला. विद्यापीठाच्या परीक्षा, गणपतीची सुट्टी आणि मधेच एका विद्यार्थ्याने नोकरीसाठी काम सोडणे यांमुळे ठरलेली मुदत बरीच उलटली. अहवाल इंग्रजीत आणि जाडजूड आहे. मराठी सारांश मागितल्यावर मिळाला, तो चांगला उतरला आहे, पण तो करारातच असायला हवा होता.

एका बाबतीत आम्ही त्यांच्यावर रागावलो होतो आणि आता ते बरोबर होते असे वाटते. डब्यांच्या पिशवीवर ‘पर्यावरणस्नेही’ असे छापून खाली विद्यापीठाचे नाव द्यावे, अशी आमची इच्छा होती. त्यांनी साफ नकार दिला. दोन उत्पादनांची तुलना करून एक सरस असल्याचे जाहीरपणे सांगायचे असेल तर आयएसओ १४०४४ नुसार किमान तीन जणांच्या स्वतंत्र समितीकडून अभ्यासाची तपासणी व्हावी लागते. आमची ती झालेली नव्हती आणि तिचा खर्च वेगळा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा मोघम हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ग्राहक कंपनीला आम्ही शेवटी अहवालच जसाच्या तसा पाठवला आणि त्यांनी तो स्वीकारला.

ज्यांना पाकिटावर छापायला एक शिक्का हवा आहे, त्यांनी या सेवेच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्याकडे धुणे, वाहतूक, परतावा अशी रोजची चक्रे आहेत, जसे धोबीघाट, केटरर, दूधवाटप, भाड्याने भांडी देणारे, त्यांना ती निश्चित उपयोगी पडेल. करार करताना दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: मसुद्यावर आपले म्हणणे मांडायला पुरेसा अवधी, आणि अंतिम अहवालाबरोबर हिशेबाची मूळ फाइल. आम्हाला आधी फक्त पीडीएफ दिली होती. पाठपुरावा केल्यावर ओपनएलसीए या मोफत प्रणालीत उघडणारी फाइल मिळाली. गच्चीवर सौर बंब बसवायला सोसायटीची परवानगी मिळाली, तर गरम पाण्याचा आकडा बदलून नवा हिशेब त्याच फाइलमध्ये करता येईल, तोही पुन्हा फी न भरता.