कोचीतला एक दिवस आणि 23,801 रुपयांचा चुना (क्रूझला जाणाऱ्यांनी वाचाच)

आधीच सांगतो, मी अकाउंट्समध्ये आहे, बावीस वर्षं झाली. ऑफिसात कुणी व्हेंडरला अॅडव्हान्स द्यायचा म्हटला की तीन सह्या आणि कॅन्सल्ड चेक मागणारा खडूस माणूस तो मीच. त्यामुळे "तुम्हाला एवढं कसं कळलं नाही हो" हे कृपया मला विचारू नका, घरात दिवसातून दोनदा ऐकतोय.

जानेवारीत मुंबईहून कोचीची क्रूझ केली. गुरुवारी संध्याकाळी बॅलार्ड पिअरवरून सुटायचं, शुक्रवार अख्खा समुद्रात, शनिवारी सकाळी दहाला कोची आणि पाचच्या आत परत जहाजावर. आम्ही सहा जण, मी, बायको, दोन मुलं, आई आणि सासूबाई. आईचे गुडघे गेलेले, सासूबाईंना जास्त चालवत नाही, म्हणजे उतरून रिक्षा शोधत फिरणं जमणारं नव्हतं. जहाजाची स्वतःची टूर होती, माणशी 3,500, सहा जणांचे 21,000, आणि त्यात व्हीलचेअरचं काही नाही. आता सांगा, चार तास बसमध्ये बसवून फोर्ट कोची दाखवायचे एकवीस हजार? मी म्हटलं बाहेरून बघू. यात माझं काय चुकलं ते मला अजूनही कळलेलं नाही. बाहेरून गाडी करणं हा मूर्खपणा नाहीये, मूर्खपणा पुढे आहे.

सर्च केल्यावर सगळ्यात वर जाहिरात आली, कोची पोर्टवरून दिवसभराची टूर, पिकअप-ड्रॉपसकट. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला तर दोन मिनिटांत उत्तर, आणि फोन केला तर पलीकडून मराठी! "नमस्कार दादा, मी मूळचा कोल्हापूरचा, सात वर्षं झाली कोचीत." बास, इथेच मी अर्धा विकला गेलो. आपला माणूस परमुलखात भेटला की आपण त्याला काही विचारतच नाही, उलट त्यालाच विचारतो की बाबा जेवणाचे हाल होत असतील ना तिकडे. मी खरंच विचारलं हे.

त्याचा प्लॅन असा: दहाला गेटवर सतरा सीटर गाडी, व्हीलचेअरसकट, मग फोर्ट कोची, मासेमारीची चिनी जाळी, मट्टनचेरी पॅलेस, ज्यू टाऊनचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), तिथून अलेप्पीला हाउसबोटवर जेवण, चारला परत. माणशी 1,950, सगळी एन्ट्री तिकिटं धरून. सहाचे 11,700, म्हणजे जहाजापेक्षा 9,300 रुपये कमी. मी तो आकडा बायकोला वर तोंड करून सांगितला होता.

अहो, अलेप्पी कोचीपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. हायवेवर अरूर ते तुरवूर पावणेतेरा किलोमीटरच्या उड्डाणपुलाचं काम तेव्हा चालू होतं, जायला दीड तास आणि यायला किती ते देवाला माहीत. सहा तासांत हे सगळं होतच नाही, मॅप उघडून बघितला असता तर एका मिनिटात कळलं असतं. आणि शनिवारी सिनेगॉग बंद असतं, ज्यूंचा सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार. सात वर्षं कोचीत राहून टूर करणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल? पॅलेस शुक्रवारी बंद आणि सिनेगॉग शनिवारी, तुमचं जहाज कुठल्या वारी लागतंय ते बघूनच गाडीवाल्याशी बोला आणि मुद्दाम बंद असलेलं ठिकाण मागा. "हो साहेब दाखवतो" म्हणाला की फोन ठेवून द्या.

बुकिंगला अर्धे, 5,850 गेले. हे ठीक होतं, असं मी अजूनही म्हणतो, अॅडव्हान्स कोण घेत नाही?

मग निघायच्या दिवशी, गुरुवारी, सकाळी अकराला फोन. "दादा, आज संध्याकाळपासून तुम्हाला रेंज नसणार, मग शनिवारी गाडी गेटवर लागणार कशी, बॅलन्स आत्ताच क्लिअर करा." बरोबरच वाटलं ना! समुद्रात रेंज नसते हे खरंच आहे, जहाजाचं वायफाय वेगळे पैसे मोजून घ्यावं लागतं आणि आम्ही घेतलं नव्हतं. 5,850 पाठवले. तासाभराने "पोर्ट एन्ट्री परमिट", माणशी 350, म्हणजे 2,100. त्यासाठी सहाही जणांचे आधार कार्डाचे फोटो मागितले, मी दिले. केबिन नंबरसकट दिले. असलं कुठलंही माणशी परमिट नसतं, आम्हाला उतरताना आणि परत चढताना फक्त शिपचं कार्ड आणि ओळखपत्र विचारलं. आणि आधार कुणाला द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या, शेवटचे चार आकडे दिसतात तेवढंच. मला हे नंतर कळलं, मग बसलो सहा जणांचं बायोमेट्रिक लॉक करत.

आता ते, ज्याची मला रात्री झोपताना आठवण येते.

दुपारी दोनची वेळ, टर्मिनलवर चेक-इनची रांग. एका हातात आईच्या व्हीलचेअरचं हँडल, खांद्यावर तिची पर्स, सासूबाई विचारतायत की बॅगेत लोणच्याची बरणी आहे ती काढतील का, धाकटा टॉयलेटला जायचं म्हणून कपडे ओढतोय. फोन आला, गाडी वार्फपर्यंत, म्हणजे जहाजाच्या धक्क्यापर्यंत, आत आणायची तर 5,000 डिपॉझिट, रिफंडेबल, गाडी बाहेर पडली की लगेच परत. पाठवले. दोन मिनिटांत परत फोन, "दादा, सिस्टीमने रिजेक्ट केलं, राउंड फिगर घेत नाहीये, 5,001 टाका, आधीचे आपोआप रिव्हर्स होतील."

आणि माझ्या हातातल्या त्याच फोनवर, त्याचा आवाज कानात असताना, वर बँकेचा मेसेज आलेला होता. खात्यातून 5,000 डेबिट. मी तो वाचला. मंडळी, मी तो वाचला! डेबिट झालेला पैसा रिजेक्ट कसा होईल, हे एफवाय बीकॉमच्या पोराला कळतं. मी जन्मभर हेच केलंय, डेबिट-क्रेडिट जुळवणं. वर पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं ना खातेदाराचं, आधी एक नाव येत होतं, टूरच्या नावाशी काही संबंध नसलेलं, आणि या वेळी भलतंच, बाईचं नाव. तेही बघितलं. वाटलं बायकोचं खातं असेल. रांग पुढे सरकली, मागचा माणूस "चला हो काका" म्हणाला, मी पिन टाकला. 5,001 गेले.

5,850, 5,850, 2,100, 5,000, 5,001. एकूण 23,801. बेरीज तुम्हीही करून बघा, मी पंचवीस वेळा केलीय.

खरी मेख मला नंतर कळली. हे लोक क्रूझवाल्यांनाच का धरतात? कारण संध्याकाळी जहाज सुटलं की तुमचा फोन मेला. चाळीस-एक तास तुम्ही ना त्याला फोन करू शकत, ना बँकेला, ना 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. आणि सायबर फसवणुकीत पहिले तास-दोन तासच सगळं असतं, पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएममधून बाहेर. त्याने मला रेंज जाणार म्हणून घाई केली आणि मी त्याला समजूतदार म्हणालो. तुमच्यापैकी कुणी असंच जाणार असेल तर निघायच्या दिवशी कुणालाही एक रुपया पाठवू नका. गाडीवाल्याला उतरल्यावर द्या, नसेल चालत तर राहू दे.

शनिवारी दहा वाजून वीस मिनिटांनी गेटबाहेर आम्ही सहा जण उभे. दहा चाळीसला फोन स्विच ऑफ, डीपी गायब. आईने विचारलं, "त्या कोल्हापूरच्या मुलाला बरं नसेल का रे?" मी काही बोललो नाही.

जहाजावरची टूर एव्हाना निघून गेलेली. मग गेटवरच टेम्पो ट्रॅव्हलर केली 3,200 ला, त्याने आधी एका एम्पोरियमला नेलं ("ओन्ली फाइव्ह मिनिट्स सर, टॉयलेट फ्री"), कमिशनचा प्रकार, ते सगळ्यांना माहीतच असतं, हिने तिथे 1,800 ची शाल घेतली तो विषय वेगळा. सेंट फ्रान्सिस चर्च बघितलं, वास्को द गामाला 1524 साली आधी तिथेच पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले. तिथे तिकीटच नाही. आणि ज्याच्या पॅकेजमध्ये "सगळी एन्ट्री तिकिटं धरून" होतं ते आठवून मी चर्चमध्ये नको ते बोललो. धडधाकट माणसं असाल तर यातलं काहीच नको, हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीला वॉटर मेट्रो जाते, 40 रुपये तिकीट. मट्टनचेरीत एका मसाल्याच्या दुकानात बाई कोंकणीत बोलायला लागली, गोव्याहून शेकडो वर्षांपूर्वी गेलेली माणसं ती, आमची आई मालवणची, मग काय, "अगो, ही आपल्यासारख्याच बोलता!" म्हणत अर्धा तास हलली नाही. दिवसातला तेवढाच अर्धा तास बरा गेला.

आता पोलीस. 1930 ला कोचीतूनच फोन केला, तक्रार नंबर मिळाला. तिथल्या एका चौकीवर गेलो तर म्हणाले, पैसे तुम्ही मुंबईत दिले, तक्रार तिकडे द्या. ठीक. घरी आल्यावर आमच्या भागातल्या पोलीस स्टेशनला गेलो, तिथे विचारलं, गाडी कुठे येणार होती? कोचीला. मग गुन्हा तिकडे घडला. मी म्हटलं साहेब मग माझे पैसे काय अरबी समुद्रात गेले का? तर "आवाज खाली ठेवा." दोन तास बाकावर बसवलं, मग साहेब बंदोबस्ताला गेले, उद्या या. उद्या गेलो तर कालचे हवालदार सुट्टीवर, परत पहिल्यापासून सांगा. एकाने तर हसून विचारलं, "शिकलेले दिसता, क्रूझला जाता, आणि असं कसं?" तिसऱ्या खेपेला भाच्याने सांगितलेलं तोंडावर म्हटलं की नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 173 मध्ये, गुन्हा कुठेही घडलेला असो, झीरो एफआयआर घ्यावाच लागतो, 1 जुलै 2024 पासून. मग कुठे अर्ज घेतला. एफआयआर नाही, अर्ज! पोच मागितली तर झेरॉक्सवर शिक्का मारून दिला, तोही तिरका, तारीख वाचता येत नाही.

बँकेचं त्याहून भारी. मी म्हटलं रिझर्व्ह बँकेचं 2017 चं सर्क्युलर आहे, तीन वर्किंग डेच्या आत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. तर ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर ते अनऑथोराइज्डसाठी, तुम्ही तर स्वतः पिन टाकलाय." बरोबर आहे तिचं, तेच तर झोंबलं. पण मग समोरच्या खात्याचं केवायसी कुणी केलं? त्या बाईच्या नावाचं खातं कुठल्या तरी बँकेने कागद बघूनच उघडलं असेल ना? ते विचारलं तर "सर, ती आमची बँक नाही." मेल टाकला, उत्तर आलं की तुमचा मेल आम्हाला मिळाला आहे. दुसरा टाकला, तेच उत्तर.

शेवटी कळलं की एका खात्यात 1,140 रुपये होल्ड झालेत, बाकी उडाले. ते 1,140 हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. दोन दिवसांची रजा टाकून आणि वकिलाला पैसे देऊन 1,140.

आणि परवा एक फोन आला. मराठीच, एकदम सभ्य. "दादा, तुमची कोचीची केस आमच्याकडे आलीय, पूर्ण रक्कम रिकव्हर होईल, फक्त प्रोसेसिंगचे पैसे भरावे लागतील." माझी केस याला कुणी दिली ते शोधायला आता कुणाकडे जाऊ? मी त्याला शांतपणे विचारलं, राउंड फिगर पाठवू की वर एक रुपया टाकू? ठेवला त्याने.