सोलर इन्व्हर्टरला पीआय की प्रेडिक्टिव्ह? दोन्ही चालवून झाल्यावर

इन्व्हर्टर म्हणजे पॅनलच्या डीसीचा एसी करणारा डबा, आणि त्याचा करंट ताब्यात ठेवायच्या दोन पद्धती: पीआय, म्हणजे चूक बघून दुरुस्त करत जाणारा कंट्रोलर, आणि एमपीसी, म्हणजे मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, जो पुढचा अंदाज काढून स्विचिंग ठरवतो. दोन्ही मी स्वतः चालवलेत, घरच्या गच्चीवरच्या खोलीत, थ्री फेज छोटा इन्व्हर्टर आणि वर पॅनल. त्यात मे महिन्यातलं नागपूर, हीटसिंकला हात लावायच्या आधी दोनदा विचार करायचा.

एमपीसीची मजा आहे, नाही म्हणत नाही. 2 लेव्हल इन्व्हर्टरच्या (दर फेजला दोनच व्होल्टेज) 8 स्विचिंग स्टेट, त्यातून वेगळे व्होल्टेज वेक्टर (तिन्ही फेजचं मिळून आउटपुट) 7, दर सॅम्पलला सातही लावून बघायचे, करंट कुठे जाईल ते काढायचं आणि ज्याची कॉस्ट (हव्या करंटपासूनचा फरक) सगळ्यात कमी तो मारायचा. स्विचिंगचे पल्स बनवणारा मॉड्युलेटर नको, केपी-केआय या पीआयच्या गेनशी झटापट नको. फक्त कॅल्क्युलेशनमध्ये एक सॅम्पल जातो म्हणून प्रेडिक्शन दोन स्टेप पुढचं घ्या, नाहीतर करंटमधला रिपल (बारीक चढउतार) वाढतो आणि तुम्ही सेन्सरला शिव्या देत बसता. मी दोन दिवस दिल्या.

पण तो आवाज! पीआय 10 किलोहर्ट्झवर ठेवला की एक बारीक शिट्टी, थोड्या वेळाने कानाला सवय होते. एमपीसीत सॅम्पलिंग 20 किलोहर्ट्झ असूनही स्विचिंगला ठरलेला ताल नाही, सरासरी तर बरीच खाली येते, आणि बर्डीच्या बाजारातून आणलेल्या कोअरवरची माझी कॉइल फोडणीत मोहरी टाकल्यासारखी तडतडायची. आई खालून ओरडायची, "काय जळून राहिलं रे वर?" बरं आवाज सहन केला असता, पण त्याच कारणाने एलसीएल फिल्टर (करंट साफ करणारी कॉइल-कॅपॅसिटर-कॉइल) कोणत्या फ्रिक्वेन्सीसाठी डिझाइन करायचा तेच कळेना, हार्मोनिक (नको असलेल्या फ्रिक्वेन्सी) सगळीकडे पसरलेले, त्यातले काही नेमके फिल्टरच्या रेझोनन्सला जाऊन भिडायचे. तीन वेळा कॉइल सोडून परत गुंडाळली, बोटं सोलली. पीआयला रिपल कुठे येणार ते आधीच माहीत, फिल्टर एका बैठकीत झाला.

वेगाचं म्हणाल तर रेफरन्स (हवा तो करंट) बदलला की एमपीसीचा करंट लगेच जागेवर, पीआयला ते जमत नाही. पण ढग सरकतो सेकंदांच्या हिशोबाने आणि पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा एमपीपीटीही आपल्या चालीनेच चालणार, मग तो मिलिसेकंदांचा वेग रोज कुठे वापरू? लाइनला अचानक डिप आला तेव्हा एमपीसीने करंट छान आवरला, हे मात्र मान्य.

पीआयही काही साधा नाही, पीएलएल (लाइनच्या तालाशी जुळवणारा), करंट लूप, डीसी लिंक लूप (पॅनलकडचं डीसी व्होल्टेज धरून ठेवणारा) हे सगळं एकमेकांशी जमवेपर्यंत माझे दोन आठवडे गेले. पण एकदा बसलं ते बसलं.

तुमचा 3 लेव्हल एनपीसी (दर फेजला तीन व्होल्टेज देणारा इन्व्हर्टर) असेल तर डीसीकडच्या दोन कॅपॅसिटरचं व्होल्टेज सारखं ठेवणं, म्हणजे कॅपॅसिटर बॅलन्सिंग, कॉस्ट फंक्शनमध्ये एक टर्म टाकून होतं, तिथे मी पण कदाचित एमपीसीच घेईन. साधा 2 लेव्हल असेल आणि फिल्टर हाताने गुंडाळणार असाल तर बघा बुवा. माझ्या गच्चीवर सध्या पीआयच चालू आहे आणि आईने हाक मारणं बंद केलंय.