आधी चित्र की आधी समीक्षा?

समकालीन कलेच्या प्रदर्शनाला काही वाचून जावे की थेट चित्रांसमोर उभे राहावे, हे भिंतीवर काम कोणाचे आहे यावर बरेचसे अवलंबून असते.

चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या उत्तरकाळातील अमूर्त चित्रांसाठी आधीचे वाचन फारसे कामी येत नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या सुरीने) चढवलेले, काही ठिकाणी पुन्हा काढून घेतलेले रंगांचे थर आणि त्यांतून मध्येच डोकावणारा खालचा उजेड छापील प्रतिकृतीत सपाट होऊन जातो. मूळ कॅनव्हाससमोर मात्र दोन पावले मागेपुढे सरकले, तरी पृष्ठभाग वेगळा दिसू लागतो. त्यांच्याविषयीच्या लेखनात झेन या बौद्ध ध्यानपरंपरेच्या विचाराचा उल्लेख हटकून येतो आणि तो निराधारही नाही, परंतु तो डोक्यात घेऊन आलेला प्रेक्षक चित्रात शांतता शोधत बसतो व रंग कसा लावला आहे हे पाहायचेच राहून जाते.

चित्रकार नलिनी मालानी यांच्या मांडणशिल्पांचे, म्हणजे दालनभर मांडलेल्या कलाकृतींचे, तसे नाही. जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या प्रदर्शनात २०१२ साली मांडलेल्या त्यांच्या कामात फिरत्या पारदर्शक दंडगोलांवरच्या आकृतींच्या सावल्या भिंतींवरील चलच्चित्रांत मिसळत होत्या. हा अनुभव अंगावर येण्यासाठी दालनात लावलेल्या टिपणाची गरज नाही. मात्र त्या कामाचे शीर्षक उर्दू कवी फैज यांच्या कवितेतून आले आहे आणि कामामागे जर्मन लेखिका ख्रिस्ता वोल्फ यांच्या कादंबरीतील कसांड्रा व बंगाली लेखिका महाश्वेता देवींच्या कथेतील द्रौपदी उभ्या आहेत, हे ठाऊक नसेल तर स्त्रियांवरील हिंसेचा त्यातला धागा निसटण्याची शक्यता मोठी आहे.

समीक्षा म्हणजे केवळ दालनातील जडजंबाल टिपणे, असेही मानू नये (त्यांतली कित्येक टिपणे खुशाल वगळावीत). चित्रकार प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात आकार, अवकाश आणि वस्तू यांचा विचार मराठीतच, स्वतः चित्र काढणाऱ्याच्या नजरेने केला आहे. त्यांच्या चित्रांतली पाने आणि घड्याळे एकदा पाहिल्यावर ते वाचले, तर दुसऱ्यांदा पाहताना वस्तूंमधील मोकळी जागाही दिसू लागते. क्रम उलटा केल्यास मात्र प्रत्येक घड्याळाचा अर्थ लावण्याचा मोह आवरत नाही.

तेव्हा हाती एकच तास असेल, तर मालानींच्या कामासाठी त्यातली दहा मिनिटे आधी टिपणाला द्यावीत. गायतोंडे यांच्या बाबतीत तीही दोन-तीन चित्रांवरच खर्च करावीत.