मधुमेहात तीव्र वेदना: ट्रामाडॉल की मॉर्फिन?

मधुमेह आहे, दुखणं पॅरासिटामॉलला दाद देत नाही आणि डॉक्टरांसमोर ट्रामाडॉल आणि मॉर्फिन ही अफूवर्गातल्या वेदनाशामकांची दोन नावं आहेत. अशा वेळी आधी साखरेचा विचार करायचा.

ट्रामाडॉलने साखर खाली जाऊ शकते, आणि ती बहुधा उपचाराच्या सुरुवातीच्या दिवसांत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त. गोची अशी की घाम, गरगरणं, गुंगी ही लक्षणं औषधाचीही असतात, साखर उतरल्याचीही. अंदाज बांधत बसू नका, ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली आकडा आला तर लगेच साखर घ्या आणि डॉक्टरांना कळवा.

मॉर्फिनने काहींची साखर थोडी वाढू शकते. अर्थात मूळ दुखणंसुद्धा साखर चढवतंच, त्यामुळे दोष नेहमी औषधाचा नसतो.

पोट दोन्हींनी मंदावतं, मॉर्फिनने जास्त. मधुमेहामुळे जठर आधीच सुस्त असेल तर जेवण उशिरा पचतं आणि इन्सुलिनची वेळ चुकते.

मूत्रपिंड खराब असेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात. ट्रामाडॉलचीही मात्रा कमी करावी लागते. सवय दोन्हींची लागते.

पायांच्या जळजळीसाठी ड्युलॉक्सेटिन घेणाऱ्यांनी ट्रामाडॉल टाळलेलं बरं, मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढून झटके येऊ शकतात. वारंवार साखर उतरणाऱ्यांनीही. मूत्रपिंड ठीक असलेल्या अशा रुग्णाला, दुखणं तीव्र असेल तर, देखरेखीखाली मॉर्फिन बरं. मध्यम दुखणं, थोडेच दिवस आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखं साखर खाली नेणारं औषध नाही, तिथे ट्रामाडॉल चालेल.